फुगा चपटा का?

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हापासून आमचे काका पावसाळ्याआधी होडीचं जुनं मशीन तपासतातच. यंदा दासगावच्या खाडीत ते सुरू व्हायचं, पण दहा मिनिटांत गुदमरायचं. प्लग पुसले, कार्ब्युरेटरचा जेट साफ केला, शिळं पेट्रोल काढून ऑइल मिसळलेलं ताजं भरलं. तरी तेच! शेवटी काकू म्हणाली, "अहो, हा नळीवरचा रबरी फुगा चपटा का झालाय?"

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद होता. हवा आत जाईना, मग पेट्रोल येणार कसं? स्क्रू सैल केला, मशीन धावलं. आम्ही हसलो. काका नाही हसले. "पुराच्या रात्री अंधारात हे कोणाला दिसलं असतं?"

असो. आता स्क्रूला लाल रंग लावलाय.