हृदय उजवीकडे असलेला माणूस

कथा अशी होती. कोयनेच्या वीजकेंद्रात एक इंजिनिअर असतो. कसल्याशा हिरव्या भुकटीचा स्फोट होतो आणि तो गायब होतो. काही दिवसांनी परत येतो तेव्हा त्याची उजवी बाजू डावी आणि डावी उजवी झालेली असते. हृदय उजवीकडे, लिहिणं डाव्या हाताने आणि तेही उलटं. पोटभर जेवतो तरी खंगत जातो, अन्न अंगी लागतच नाही. शेवटी भुकेने मरतो. मधल्या काळात देवघरातल्या गणपतीची सोंडही उजवीकडे वळलेली असते आणि त्याची आई धास्तावून कडक सोवळं पाळायला लागते.

ही कथा मी कराडला शाळेत असताना वाचली, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आमच्या वाचनालयात मासिकांचे जुने अंक एकत्र बांधून ठेवलेले असत. बाइंडरने कडा कापताना पानांचे आकडे उडवलेले, कधी शीर्षकाचा वरचा अर्धा भागही. शिरोरेषा गेलेल्या अक्षरांवरून कथेचं नाव ओळखायचं हा एक वेगळाच खेळ होता. शिवाय तळाशी ‘एका परकीय कथेवरून’ एवढं छापलं की काम भागायचं, मूळ लेखक कोण याची चौकशी कोणी करत नसे. तेव्हा नाव-गाव विसरलो याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पुढे जे केलं त्याचं वाटतं.

पुढे मी ती कथा सांगत सुटलो. भारनियमनाच्या रात्री गच्चीवर मुलांना, सहलीच्या बसमध्ये, बँकेतल्या सहकाऱ्यांना डबा खाताना. ऐकणारे गप्प व्हायचे आणि मला चेव चढायचा. मग कुठल्याशा गप्पांत कोणीतरी विचारलं, ‘लेखक कोण?’ मी ताडकन म्हणालो, ‘नारायण धारप.’ का? तर त्या कथेतली भीती मला चांगली आठवत होती. इंजिनिअर गायब असतो तेव्हा हिरवट उजेडात मेलेली माणसं जिवंतांकडे टक लावून बघत उभी असतात, असं काहीतरी त्यात होतं. हे धारपांचंच, दुसऱ्या कोणाचं असणार? शिवाय परदेशी कल्पना मराठी वाड्यात आणून बसवण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे हे त्यांच्या वाचकांना ठाऊकच असतं. एवढ्या भांडवलावर मी एका वाचनकट्ट्यात ते ठामपणे सांगून आलो.

त्या कट्ट्यात एक निवृत्त हेडमास्तर येत. ते अप्पा बळवंत चौकात जाऊन धारपांची मिळतील तेवढी पुस्तकं घेऊन आले आणि सगळी वाचली. नंतर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘कथा छान आहेत हो, पण तुमचा माणूस काही भेटला नाही.’ मी म्हणालो, ‘सर, मासिकात आली असेल, पुस्तकात घेतली नसेल.’ चूक कबूल करण्याऐवजी तिला असा पळवाटेचा दरवाजा काढून देण्यात मी वाकबगार आहे.

मग जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ हाती आली. आता शोध संपायला हवा होता! गणपती आहे, सोंड आहे, डावं-उजवं झालेला माणूस आहे. फक्त तो क्रिकेटपटू आहे. नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने गोलंदाजी करतो आणि समोरच्यांची दाणादाण उडवतो. उलटापालटीमागची कल्पना मोबियस पट्टीची. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की डावं-उजवं हा भेद तिच्यावर टिकत नाही, कारण एक फेरी मारून आलेली आकृती आपल्याच आरशातल्या रूपात परत येते. मी कथा वाचली, आनंद झाला आणि ती बाजूला ठेवली. कारण हिच्यात कोणी उपाशी मरत नाही. वीजकेंद्र नाही. हिरवी भुकटी नाही. ‘जवळची आहे, पण ती नव्हे,’ असा निवाडा देऊन मी मोकळा झालो.

इथे एक साधा हिशोब करायला हवा होता. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली (आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, इथेही उलटापालटच). ही गोष्ट १९७४ सालची. मी तोपर्यंत मॅट्रिक होऊन कराड सोडलं होतं. म्हणजे गणपतीची सोंड वाचनालयातल्या त्या बांधीव अंकात असणं शक्यच नव्हतं. ती माझ्या कथेत कुठून आली? हा प्रश्न मला पडलाच नाही. सोंड माझ्या कथेत आहे म्हणजे ती आहेच, असं मी धरून चाललो होतो.

कोडं सुटलं ते माझ्यामुळे नाही. पुतण्या औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ आहे. त्याला मी कथा ऐकवली तेव्हा भुताखेतांत त्याला रस वाटला नाही. तो भुकेपाशी अडला. ‘काका, हे अगदी बरोबर आहे. आपली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची, ग्लुकोज उजव्या घडणीचं. माणूस उलटला तर त्याची विकरंही उलटतील आणि आपलं अन्न त्याच्या उपयोगी पडणार नाही. हे सुचायला लेखकाला विज्ञान यायला हवं.’ दोन दिवसांनी त्याचा फोन आला: आर्थर क्लार्क, ‘टेक्निकल एरर’, १९४६. त्यात वीजकेंद्र आहे, नेल्सन नावाचा इंजिनिअर आहे, जनित्रात सापडून तो उलटतो आणि जेवूनही उपाशी राहू लागतो. पण तो भुकेने मरत नाही. त्याला पुन्हा पलटवायचा घाट घातला जातो आणि तोच अंगाशी येतो. मी इतकी वर्षं मुलांना रडवत होतो तो शेवट माझ्याच पदरचा होता.

राहिली हिरवी भुकटी. ती एच. जी. वेल्सची, ‘द प्लॅटनर स्टोरी’, १८९६. प्लॅटनर हा शाळामास्तर. विद्यार्थ्याने आणलेल्या हिरव्या भुकटीचं रसायन बघायला तो काडी लावतो, स्फोटात नाहीसा होतो आणि नऊ दिवसांनी परततो तो हृदय उजवीकडे घेऊन. मधले दिवस तो एका हिरव्या प्रकाशातल्या जगात असतो आणि तिथले मुके रहिवासी जिवंतांवर नजर ठेवून असतात. म्हणजे ज्या भीतीपायी मी धारपांचं नाव घेतलं, ती वेल्सची होती. ही कथा असलेला संग्रह मी कॉलेजात असताना चाळला होता! पण नायक मास्तर निघाला म्हणून पान उलटलं असणार. मला इंजिनिअर हवा होता.

एकूण काय, कोणी न लिहिलेली कथा मी शोधत होतो. तीन कथांचे तुकडे सांधून मी ती बनवली आणि त्यांतल्याच दोन खऱ्या कथांना माझ्या खोट्या कथेशी जुळत नाहीत म्हणून नापास केलं. कोयना तर कोणाचीच नव्हती. भूकंपाच्या आदल्या वर्षी शाळेची सहल पोफळीला गेली होती. डोंगराच्या पोटातलं ते वीजकेंद्र बघून मी हबकलो होतो, तेव्हा परदेशातलं वीजकेंद्र वाचल्यावर डोळ्यांसमोर दुसरं काय येणार? फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली याच्यावर लिहून ठेवलंय. अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुताची गोष्ट त्याने इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने सांगायला लावली. कॅनूच्या साध्या बोटी झाल्या, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, भुतं तर कित्येकदा गळालीच. सांगणाऱ्यांना मात्र आपण तीच गोष्ट सांगतोय याची खात्री होती. माझ्या बाबतीत पक्क्या वाटणाऱ्या गोष्टी नेमक्या त्याच होत्या ज्या मी जास्त वेळा सांगितल्या होत्या. मूळ पानाशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता.

आयझॅक असिमॉव्हचा एक किस्सा यामुळे मला फार जवळचा वाटतो. त्यांच्या ‘द लास्ट क्वेश्चन’ या १९५६ सालच्या कथेचं नाव लोक विसरायचे, कधी लेखकही विसरायचे आणि त्यांनाच विचारायचे की अशी अशी कथा तुमची का. एकाने तर लांबून फोन केला, आणि तो वर्णन करायच्या आधीच असिमॉव्हनी नाव सांगून टाकलं. कल्पना फार जोरकस असली की ती स्वतःचंच नाव गिळते. पण तिथे निदान गोष्ट शाबूत राहायची.

एवढं शिकूनही खोड गेली नाही. भाचीने विचारलं, ‘मामा, शुक्रावर सतत पाऊस, आणि एका मुलीला कपाटात कोंडतात, ही कोणाची?’ ब्रॅडबरी, ‘ऑल समर इन अ डे’, हे मी बरोबर सांगितलं. वर पुस्ती जोडली, ‘शेवटी तिला सूर्याची तिरीप दिसते बघ.’ तिने वाचली आणि रात्री निरोप पाठवला: ‘मामा, नाही दिसत. मुलं तिला विसरतात, सूर्य येऊन जातो, मग दार उघडतात.’ उघडून बघितलं तर तिचंच खरं.

हेडमास्तरांना मी सगळा खुलासा केला. धारपांच्या पुस्तकांचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. उलट त्यांनी मला त्यांची एक हरवलेली कथा शोधायला सांगितली. आकाशात एक गोळा पृथ्वीच्या दिशेने येतो, घरी लोक शांतियज्ञ करतात, पूर येतात, आणि शेवटी मंगळावरचे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून बघून म्हणतात, फारसं काही नुकसान झालेलं दिसत नाही.

मी लगेच ओळखलं. ‘सर, यज्ञ नारळीकरांच्या ‘धूमकेतू’तला. पूर आणि मंगळावरचे लोक वेल्सच्या ‘द स्टार’मधले. १८९७. या दोन वेगळ्या कथा आहेत.’

‘अहो, एकच होती,’ ते म्हणाले. ‘मी स्वतः वाचलीय. निळ्या मुखपृष्ठाचा अंक होता.’