काकांचं सिंगापूर

आमचे मैंदर्गीचे काका रिटायर झाल्यावर दादाकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे, सिंगापूरला राहायला गेले. रविवारी फोन केला की पहिली तक्रार ठरलेली, "अरे, इथे सात वाजेपर्यंत उजाडतच नाही!" खरंय ते. विषुववृत्ताला लागून असलेलं बेट, बारा महिने दिवस-रात्र जवळपास सारखे, आणि १९८२ पासून घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. काका मात्र पाचलाच उठून बसतात.

भाषेचं त्यांना काही वाटत नाही. मैंदर्गीत घरात मराठी, बाजारात कन्नड. तिकडे मलाय, चिनी, इंग्रजी आणि तमिळ अशा चार अधिकृत भाषा. लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटमध्ये काका बिनधास्त कन्नड ठोकतात, भाजीवाला तमिळमध्ये उत्तर देतो, आणि व्यवहार होतो! फक्त कन्नडमधलं 'हालु', म्हणजे दूध, तमिळमध्ये 'पाल' होतं हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस चहा घेतला नव्हता म्हणे. (थाप असणार.)

खाली बाकावर चिनी आजोबा पट मांडून बसतात. काका नुसते बघतात. एवढ्यात चाली कळायला लागल्यात.

पण त्यांचं तिथलं राहणं दादाच्या नोकरीवर. नोकरी गेली की व्हिसा गेला. डॉक्टरकडेही परदेशी माणसाला सरकारी सवलत नाही, म्हणून बीपीच्या गोळ्या इथूनच जातात. आणि दादा म्हणतोय, मैंदर्गीचं घर विकून टाकू! काकांनी अजून सही केलेली नाही. गेल्या रविवारी मला हळूच म्हणाले, "पावसाआधी पत्रे बघून ये."

पुढच्या शनिवारी जातोय.