तिकडे किती आहे?

माझ्या मोबाईलवर दोन गावांची हवा दिसते. वर डोंबिवली, खाली हौटन. डोंबिवलीच्या ओळीत काही विशेष घडत नाही. तीस, एकतीस, फार तर छत्तीस. खालच्या ओळीत मात्र माझा जीव अडकलेला आहे, कारण तिथे आमचे चिरंजीव शिकतात.

फोन लागला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : “तिकडे किती आहे?”

‘किती’ म्हणजे अर्थातच तापमान. चिरंजीव सांगत, “उणे बारा.” मी म्हणे, “बाप रे! टोपी घाल.” एवढे झाले की फोन हिच्या हातात. आमच्या पिढीच्या बापांना मुलांशी बोलण्याचे तीनच विषय ठाऊक : परीक्षा, पैसे आणि हवा. पहिल्या दोहोंवर बोलले की मुले गप्प होतात. म्हणून मी हवा धरून ठेवली होती.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये तो यंत्र अभियांत्रिकीच्या पुढच्या शिक्षणासाठी निघाला, तेव्हा घरात सगळ्यांत मोठी धास्ती थंडीची होती. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. तिच्या लेखी अमेरिकेतली थंडी म्हणजे आनंदीबाई जोशी. १८८३ साली आनंदीबाई बोटीने गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पण तिथल्या थंडीत प्रकृती ढासळली ती ढासळलीच, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे प्राण गेले. हे सगळे आई अशा स्वरात सांगे, की जणू शेजारच्या बिऱ्हाडात घडले आहे. तिची समजूत घालावी म्हणून मी नकाशा उघडला आणि फसलो. आमच्या मुलाचे गाव फिलाडेल्फियाच्याही पुष्कळ वर निघाले!

मग तयारी सुरू झाली. आईने दोन स्वेटर विणले. हिने जाड सुती बनियनांचा डझन आणला. मी दादरला जाऊन एक माकडटोपी पैदा केली. विमानात तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा नेता येत होत्या. वजन करताना गोडा मसाला उतरवायचा की माकडटोपी, यावर घरात मतदान झाले. दोन्ही राहिली, पुस्तके उतरली.

तिथे पोचल्यावर आठवडाभरात कळले, की आमचा बहुतेक दारूगोळा फुकट गेला. अशा थंडीत अंगालगत सुती कपडा नको. सूत घाम पिते, ओले राहते आणि अंगातली ऊब ओढून घेते. आत घाम बाहेर टाकणारा थर, मध्ये लोकरीचा, आणि वरून वारा अडवणारा, असे तीन थर हवेत. आईचे स्वेटर मधल्या थरात पास झाले. सुती बनियन नापास. माकडटोपीबद्दल चिरंजीवांनी मौन पाळले. मोठा कोट त्याने पास होऊन चाललेल्या एका विद्यार्थ्याकडून अर्ध्या किमतीत घेतला.

मी मात्र थंडीचा पंडित झालो. हौटन हे मिशिगन राज्याच्या अगदी उत्तरेला, सुपीरियर सरोवरात घुसलेल्या एका द्वीपकल्पावरचे गाव. १८८५ साली तांब्याच्या खाणींसाठी माणसे तयार करायला तिथे शाळा निघाली. तिचेच आजचे मिशिगन टेक विद्यापीठ. सरोवर म्हणजे आपल्या पवईसारखे नव्हे. महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठे पाणी! कॅनडाकडून येणारा कोरडा, गार वारा त्या मानाने उबदार असलेल्या या पाण्यावरून वाहतो, बाष्प पितो आणि पुढे डोंगराळ जमिनीवर चढताना बर्फ टाकून मोकळा होतो. वाचताना मला हसू आले. आपला नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीशी हेच तर करतो! फरक इतकाच, की आंबोलीला पाऊस पडतो आणि तिथे वर्षाला पाच मीटरच्या आसपास बर्फ. १९७८-७९ च्या हिवाळ्यात त्या भागात ३९० इंच पडले. म्हणजे आमची तीन मजली इमारत गच्चीपर्यंत झाकली गेली असती.

हे सारे मी त्याला फोनवर सांगत असे. तो “हो बाबा” म्हणत असे. तो तिथे राहतो आहे आणि मी इथे पंख्याखाली बसलो आहे, हे माझ्या ध्यानातच येत नसे.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेली. आमच्यातले अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा झाले. डिसेंबरात तिथे सकाळी साडेआठपर्यंत सूर्य उगवत नाही आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. मधल्या वेळातही सरोवरावरचे ढग त्याला दिसू देत नाहीत. हेही मला ठाऊक होते. आकडे सगळे पाठ होते.

फोन आखूड होत चालले. “उणे पंधरा.” “उणे अठरा.” “ठीक आहे.” “अभ्यास आहे.” मी म्हणालो, परीक्षा असेल. ही काही बोलली नाही. चार दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, तो बोलतोय, पण सांगत काहीच नाहीये.”

“म्हणजे?”

“शनिवारी आपले साडेनऊ म्हणजे त्याचे सकाळचे अकरा. गेले तीन शनिवार मागचा पडदा बंद आहे. अंगावर तोच शर्ट आहे.”

मी पाच मीटर बर्फ मोजत होतो. हिने एक पडदा पाहिला होता.

पुढच्या शनिवारी फोन हिने आधी घेतला. तापमान विचारले नाही. म्हणाली, “काल काय जेवलास?”

साधा प्रश्न. पण पलीकडून उत्तर येईना. पडद्यावर तो खाली बघत होता. मग म्हणाला, “आठवत नाही, आई.” आणि त्याचा चेहरा असा झाला, जसा तो पहिलीत पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी झाला होता.

हळूहळू बाहेर आले. सकाळी उठवत नव्हते. तीन आठवडे वर्ग बुडाले होते. एका विषयात नापास होणार हे नक्की होते. “तुम्ही घर तारण ठेवून कर्ज काढलंय बाबा,” तो म्हणाला, “तुम्हांला काय सांगू?”

माझ्या तोंडाशी तीन वाक्ये आली होती. पहिले, “अरे, सकाळी लवकर उठावं.” दुसरे, “सगळं सोड आणि परत ये.” तिसरे, “मी उद्याच निघतो,” आणि माझ्याकडे तर व्हिसाही नव्हता! हिने माझ्या मनगटावर हात ठेवला. ती तिन्ही वाक्ये मी गिळली. आयुष्यात बाप म्हणून मी केलेले हे बहुधा सर्वांत शहाणपणाचे काम.

आम्ही तासभर तसेच बसलो. मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी आजवर हिलाही सांगितली नव्हती. बँकेत लागल्यावर माझी पहिली नेमणूक परगावी झाली होती. मराठवाड्यातल्या एका खोलीत तीन महिने मी रोज रात्री रडत असे आणि घरी पत्रात लिहीत असे, “मी मजेत आहे.” तो वर बघून म्हणाला, “खरंच, बाबा?” मुलाने मला मोकळेपणाने सांगावे, अशी माझी फार इच्छा, पण मी त्याला कधी काय सांगितले होते?

दुसऱ्या दिवशी तो आपणहून विद्यापीठातल्या सल्लागारांकडे गेला. अशी हिवाळी खिन्नता पुष्कळांना येते, असे त्यांनी सांगितले. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला वैद्यकीय नाव दिले आहे. तो आळस नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने एक दिवा आला : दहा हजार लक्सचा. आपल्या दिवाणखान्यातला उजेड दोन-तीनशे लक्सच असतो. रोज सकाळी अर्धा तास त्या दिव्यापुढे बसायचे. एक विषय सोडून पुढे पुन्हा घ्यायचेही ठरले. परदेशी विद्यार्थ्याला ठरावीक विषय घ्यावेच लागतात, म्हणून तिथल्या कचेरीची परवानगी आधी काढावी लागली. ती त्याने काढली.

हे सगळे त्याचे त्याने केले. आमच्या वाट्याला एकच काम आले. त्याचे सकाळचे साडेसात म्हणजे आमचे संध्याकाळचे सहा; माझ्या चहाची वेळ. मी फोन लावायचा, त्याने दिवा लावायचा. तो तिकडे कॉफी घेऊन उजेडात बसे, मी इकडे चहा घेऊन गॅलरीत. बोलणे थोडेच. खाली भाजीवाला आला, समोरच्या इमारतीला रंग लागला, आजीने तिसरे स्वेटर सुरू केले, असले काहीबाही. कधी कधी पाच-पाच मिनिटे दोघेही गप्प. त्याच्या खिडकीत अंधार, माझ्याही गॅलरीत अंधार पडू लागलेला. फक्त त्याचा उजाडत होता. आनंदीबाईंच्या पत्राला घरी पोचायला कित्येक आठवडे लागत, आणि आम्ही रोज मुलाचे तोंड पाहून तीन आठवडे काही पाहिले नव्हते.

फेब्रुवारीत तिथे हिवाळी जत्रा भरते; १९२२ साली सुरू झालेली. विद्यार्थी रात्र रात्र जागून बर्फाच्या अवाढव्य मूर्ती घडवतात. त्याने एक फोटो पाठवला. मला वाटले, जत्रेतली मूर्ती असेल. होता त्याच्या दारासमोरचा गुबगुबीत बर्फाचा माणूस, आणि त्याच्या डोक्यावर माझी दादरची माकडटोपी! आईने फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, “चला, कुणाच्या तरी उपयोगी पडली.”

सोडलेला विषय तो आता पुन्हा शिकतो आहे. हिवाळा पुन्हा तोंडावर आहे. दिवा या वेळी त्याने ऑक्टोबरातच काढून ठेवला आहे. काळजी संपली असे नाही. पण आता आम्हांला कुठे बघायचे ते ठाऊक आहे.

२०२५ च्या एप्रिलमधली एक दुपार मात्र सांगायची राहिली. वीज गेलेली. ही माहेरी, आई झोपलेली. मी घामाघूम होऊन त्याच्या रिकाम्या खोलीत उगीच बसलो होतो. फोन वाजला. तिकडे पहाट. मी काही विचारण्याच्या आत चिरंजीवच म्हणाले,

“बाबा, तिकडे किती आहे?”

“अडतीस,” मी म्हणालो. तो गप्प राहिला. वाट बघत राहिला. हे तो कुणाकडून शिकला, ते मला कळले.

“अडतीस,” मी पुन्हा म्हणालो, “आणि घर फार रिकामं वाटतंय रे.”