दहा ग्रॅम कागद

प्रयोगशाळेतल्या उंदरांची खोली बहुतेक ठिकाणी २२ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. गाउन, मास्क, हातमोजे, टोपी असा सगळा जामानिमा करून आत राबणाऱ्या माणसाला ते बरं वाटतं. उंदराला मात्र ती थंडी असते. अंग उबदार ठेवायला जादा शक्ती खर्चावी लागू नये, असं खोलीचं तापमान त्याच्यासाठी ३० अंशांच्या जवळपास आहे. म्हणजे २५ ग्रॅमचा हा जीव जन्मापासून थंडीशी झगडत असतो, खाल्लेलं अन्न ऊब राखण्यात जाळत असतो. त्याच्या शरीरात औषध काय करतं ते आपण मोजतो, तेव्हा हा झगडाही त्या आकड्यात येतो.

मी पशुवैद्य आहे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या अ‍ॅनिमल हाउसची जबाबदारी माझ्याकडे आहे. पिंजरा हा प्रयोगाचाच भाग आहे, हे मत या कामात माझ्या मनात पक्कं होत गेलं. पहिली सुई टोचली जाते त्याच्या कितीतरी आधी प्रयोग सुरू झालेला असतो.

अमेरिकेतल्या बफलो शहरातल्या रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी २०१३ साली याचा लख्ख पुरावा दिला. काही उंदीर नेहमीच्या थंड खोलीत ठेवले, काही ३० अंशांच्या खोलीत. उबेतल्या उंदरांच्या गाठी संथ वाढल्या, कर्करोगाशी लढणाऱ्या टी पेशी त्यांच्यात जास्त सापडल्या. औषध कुणालाच दिलेलं नव्हतं. फरक होता तो फक्त खोलीतल्या उबेचा. हा निबंध वाचल्यावर, थंड खोलीत तपासलेल्या किती औषधांचं मोजमाप आपण नीट केलं असेल, या विचारानं मी अस्वस्थ झालो. अजूनही होतो.

मग खोलीच तापवावी का? तसं सोपं नाही. खोली तापली की मुताचा अमोनिया पिंजऱ्यात लवकर साठतो, आणि पिंजरे धुणारे मामा घामाघूम होतात. शिवाय उंदराला दिवसभर एकच तापमान नको असतं. झोपताना त्याला ऊब हवी, हिंडताना थोडा गारवा चालतो. हे दोन्ही तो स्वतः जमवू शकतो, फक्त त्याला साधन द्यायला हवं. त्याचं साधन म्हणजे घरटं.

पिंजऱ्यात ८ ते १० ग्रॅम कागदाच्या पट्ट्या टाकाव्यात, निर्जंतुक केलेल्या. उंदीर आधी त्या हुंगतो, मग एकेक दातात धरून कोपऱ्यात ओढून नेतो. पुढच्या पायांत पट्टी धरून दातांनी तिच्या उभ्या चिरफळ्या करतो, मध्ये बसून गोल फिरतो, कडा वर ओढतो. चांगल्या घरट्याच्या भिंती त्याच्या अंगापेक्षा उंच होतात, कधी वरून छतही येतं. शिकवणारं कुणी नसतं. पिढ्यान् पिढ्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात वाढलेला स्विस अल्बिनो जातीचा पांढरा उंदीरही हे तितक्याच तन्मयतेनं करतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं अंथरलं जाणारं भाताचं तूस किंवा मक्याच्या कणसाचा भरडा ओल शोषतो, पण त्याचं घरटं विणता येत नाही. म्हणून ‘खाली भुसा आहे ना’ हे उत्तर मला पुरत नाही.

घरट्यातून तब्येतही कळते. पिंजऱ्याच्या एका बाजूला थोडा नवा कागद ठेवला, तर निरोगी उंदीर साधारण दहा मिनिटांत तो घरट्यात ओढून नेतो. शस्त्रक्रियेनंतर दुखत असलं की कागद तिथेच पडून राहतो. उंदीर वेदना लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याला लपवावीच लागते. वेदनाशामक पुरेसं पडलं की नाही, हे मला त्या पडून राहिलेल्या कागदावरून समजतं.

पिंजरा बदलताना आमच्याकडे घरटं फेकत नाहीत, ते नव्या पिंजऱ्यात जातं. एकत्र ठेवलेले नर स्वच्छ पिंजऱ्यात गेले की हमखास भांडतात. नेदरलँड्समधल्या अभ्यासात दिसलं, की जुनं घरटं सोबत दिलं तर मारामाऱ्या घटतात आणि मुतानं भिजलेला भुसा दिला तर वाढतात. उंदीर उचलायचा तोही शेपटी धरून नव्हे. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं, की नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचललेला उंदीर माणसाजवळ आपणहून येतो, आणि शेपटीनं उचललेला भेदरलेला राहतो.

‘घरट्यासारखं काही पिंजऱ्यात घातलं की निष्कर्ष विस्कळीत होतात’ हा आक्षेप मी विद्यार्थ्यांकडून आणि त्यांच्या मार्गदर्शकांकडूनही ऐकतो. त्यांची काळजी खरी आहे, पण पुरावा वेगळं सांगतो. १९९९ मध्ये ऑल्बनी, पोर्टलंड आणि एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच वंशांचे उंदीर, तीच उपकरणं, तीच वेळ असं सारं काटेकोर जुळवलं, तरी काही वर्तन-चाचण्यांचे निकाल जुळले नाहीत. उलट २००४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या तीन प्रयोगशाळांच्या अभ्यासात उंदरांना मोठे, सामानानं समृद्ध पिंजरे दिले, तरी आकड्यांची विखुरण वाढली नाही.

रात्री खोलीतले दिवे गेल्यावर लाल दिवा घेऊन मी आत जातो. लाल प्रकाश उंदरांना फारसा दिसत नाही. दिवसा शांत झोपलेली खोली तेव्हा जागी असते. घरट्याचं सामान नसलेल्या पिंजऱ्यात एखादा उंदीर त्याच गजाला तासन् तास कुरतडत असतो, एखादा झाकणाच्या कोपऱ्यातून त्याच वाटेनं पुन्हापुन्हा कोलांटी घेत असतो. प्रयोगाच्या टेबलावर त्याची काही मिनिटं जातात, बाकी सगळं आयुष्य इथे. एथिक्स कमिटीच्या बैठकीत मात्र आमची बहुतेक चर्चा त्या काही मिनिटांवर होते. ती व्हायलाच हवी. पण उरलेल्या आयुष्यालाही तेवढाच वेळ मिळायला हवा.

संशोधकांना माझी विनंती आहे. पुढच्या प्रकल्पाच्या खर्चात घरट्याचा कागद धरा. आणि शोधनिबंधाच्या पद्धती-विभागात औषधाच्या मात्रेइतक्याच काळजीनं हेही लिहा: खोलीचं तापमान किती होतं, खाली काय अंथरलं होतं, घरट्याला किती ग्रॅम काय दिलं, एका पिंजऱ्यात किती उंदीर होते, आणि त्यांना उचललं कसं.