वाकलेल्या बाईचं माप

उभ्या बाईचं माप कुणीही घेईल. एक स्तन काढलेला असला तरी उभ्यानं ते जमतं. मधली रेघ हलू द्यायची नाही, त्या बाजूचा मुंढा सैल ठेवायचा, काढलेल्या स्तनाच्या जागी भराव बसवायला अस्तराचा खिसा अंगाकडून लावायचा. शिवणारीला याहून जास्त सांगायला नको. माझं डोकं अडकलंय ते वाकलेल्या बाईपाशी. टाकव्यापासून वर वडेश्वर, खांडीपर्यंत, सगळ्या आंदर मावळात पाऊस लागला की बाया भातलावणीला वाकतात. १९८७ साली वडगावच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी आला आणि मावळाचा तांदूळ बदलला. रोप लावताना कंबर मात्र आजही तेवढीच वाकते.

हे माझ्या डोक्यात घातलं माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीनं. वरच्या वाडीतल्या एक मावशी नव्या ब्लाउजच्या ट्रायलला आल्या होत्या. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलेलं, पुन्हा शेतात उतरायचं होतं. मी त्यांना आरशासमोर उभं केलं. दोन्ही बाजू सारख्या, पदर सरळ, मी खूश. ती मुलगी मागून म्हणाली, "मावशी, रोपं लावताना वाकता ना, तशा वाका बरं." मावशी वाकल्या. भराव खिशासकट छातीपासून सुटला, पुढं लोंबला आणि गळ्याच्या फटीतून आतली सपाट बाजू दिसली. मावशींचा हात झटकन गळ्यापाशी गेला. लावणीत एका हातात रोपांची जुडी असते आणि दुसरा चिखलात. गळा धरायला तिसरा हात कुठून आणायचा?

तेव्हापासून रात्री झोपताना मी मनातल्या मनात खिसा उसवते आणि पुन्हा लावते. अडचण वजनाची आहे. एका बाजूला वजनच नसलं तर ब्लाउज तिकडून वर चढतो, खांदे वरखाली होतात, मान आणि पाठ धरते. म्हणून भरावाला भार हवा. पण तोच भार वाकल्यावर भरावाला छातीपासून ओढून नेतो. अंगच्या स्तनाला कातडीनं धरलेलं असतं, आमच्या भरावाला फक्त कापडानं. उभ्यासाठी बरोबर केलं की वाकल्यावर चुकतं, वाकल्यासाठी हलकं केलं की उभ्यानं चुकतं.

भरायला काय काय घालून पाहिलं! कापूस पहिल्याच धुण्यात गोळा होतो. तांदळाला आमच्या दमट हवेत जाळी धरते. मोहरी वजनाला चांगली, पण घामानं भिजली की वास मारते. सध्या मी काचेचे बारीक मणी वापरते, दुहेरी मलमलच्या थैलीत. धुता येतात, वाळतात, अंगाच्या उबेला लवकर येतात. सिलिकॉनचा भराव हाताला सगळ्यात अंगासारखा लागतो, हे मी नाकारत नाही. जखम भरेपर्यंत, साधारण ६ ते ८ आठवडे, हलकाच घालायचा आणि मग सिलिकॉनकडे वळायचं, हेही ठीक. पण आमच्याकडच्या बाईच्या मंगळसूत्राला नाहीतर बांगडीला दोन-चार सेफ्टी पिना कायम अडकवलेल्या असतात. एक टोचली की एवढा महाग भराव गेला. चिकटवायचा प्रकार चिखलात, घामात, रेडिएशनचा शेक घेतलेल्या नाजूक कातडीवर मी कुणाला सुचवणार नाही.

शहरातल्या बुटिकवाल्या ब्लाउजात फोमचे तयार पॅड टाकतात आणि अशा बाईलाही तेच देतात, याचा मला राग येतो. त्या पॅडला वजन नाही, डावं-उजवं नाही, काखेकडची पोकळी भरणारं शेपूट नाही. बार्बी बाहुली काढणाऱ्या रूथ हँडलर यांचा स्तन १९७० मध्ये काढावा लागला. बाजारातलं काही पसंत पडेना, म्हणून त्यांनी 'निअर्ली मी' नावाचे भराव बनवायला घेतले, तेही डाव्याचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. इतक्या वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आजच्या दुकानदाराला कळू नये? 'निटेड नॉकर्स इंडिया'च्या बाया सुती दोऱ्यानं विणून भराव फुकट देतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ऑपरेशननंतरच्या कोवळ्या दिवसांत त्याइतकं मऊ दुसरं काही नाही. पण भरल्या अंगाच्या बाईला तो हलका पडतो.

आणि बाह्या! काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. तरी फॅशन म्हणून दंडाला चिकटलेली बाही मागतात आणि शिवणाऱ्या शिवून देतात. मी देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

वाकण्याचं उत्तर मला थोडंफार जुन्या चोळीत सापडलं. सासूबाई नऊवारीवर गाठीची चोळी घालायच्या. गाठ छातीच्या खाली बसते आणि खालून आवळून धरते. दिवसभर वाकलं तरी ती हलत नाही. आता तशी चोळी बेतणारं या बाजूला फारसं कुणी उरलं नाही, पेपर कटिंग विकत आणून कटोऱ्या कापतात. मी कटोरीखालचा पट्टा रुंद केला, चोळीसारखा आडव्यात ओढला आणि खिशाचं तोंड काखेकडं नेलं. गळा दोन बोटं वर घेतला. भराव पूर्वीपेक्षा कमी सुटतो. सुटतो मात्र.

एक गोष्ट कबूल करते. लग्नात, हळदीला माझा ब्लाउज घातलेली बाई चारचौघींत फिरते आणि कुठली बाजू ते कुणाला ओळखता येत नाही, तेव्हा ओरडून सांगावंसं वाटतं की हे माझ्या हातचं आहे. सांगता येत नाही. माझं काम जितकं चांगलं उतरतं तितकं ते कुणाला दिसत नाही, आणि मला कौतुक आवडतं, भरपूर आवडतं. त्या मुलीनं मावशींना वाकायला सांगितलं तेव्हा मला आधी राग आला, तोही याच्यापायीच.

आता तिचं म्हणणं असं की ब्लाउजचा नादच सोडा. आत अंगासरशी बॉडी शिवू, भराव तिच्यात बसवू, वरून बाई काहीही घालू दे. धरण्याच्या दृष्टीनं तिचं बरोबर आहे. पण प्लास्टिकचं इरलं पांघरून दिवसभर शेतात दोन थर अंगावर? शेक घेतलेल्या कातडीवर तो घाम मला परवडत नाही. ती म्हणते, मलमल असली की काही होत नाही. तिनं तिची बॉडी कापलीय, मी माझा ब्लाउज, आणि मावशी दोन्ही घालून शेतात उतरायला तयार आहेत. हुकांवर तेवढं आमचं एकमत झालंय: पाठीवर नकोत, चांगल्या हाताच्या काखेखाली हवेत, कारण ऑपरेशनच्या बाजूचा हात मावशींना अजून पाठीमागं नेता येत नाही.