नळी किती बारीक हवी?

वजन उतरवण्यासाठी जठर कापून त्याची अरुंद नळी करण्याचं ऑपरेशन, म्हणजे स्लीव्ह, करणाऱ्या आम्हा सर्जन मंडळींमध्येही एक समज घट्ट बसलाय: पोटाची नळी जितकी बारीक, तितकं वजन जास्त उतरणार आणि उतरलेलं टिकणार. मला हे पटत नाही. जठरात मापाची लवचिक नळी, म्हणजे बूजी, घालून तिच्या कडेने स्टेपलर चालवतात. ही बूजी बहुधा 36 ते 40 फ्रेंचची, म्हणजे 12-13 मिलिमीटर जाडीची. त्याहून बारीक घेतली की आतला दाब वाढतो, गळतीची धास्ती वाढते. वजनात मात्र म्हणावा तसा फरक पडत नाही. खरी मेहनत वर, प्लीहेजवळ आहे. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः फंडसमध्ये, म्हणजे जठराच्या वरच्या घुमटात, तयार होतं आणि जठराचा हाच भाग सहज ताणला जातो. तिथल्या आखूड रक्तवाहिन्या सोडवत डायफ्रामच्या डाव्या क्रसपर्यंत पोचून, जठर उचलून मागची बाजू पाहिली नाही, तर फंडसचा खिसा मागे राहतो आणि पुढे फुगतो. शेवटचा स्टेपल मात्र अन्ननलिकेपासून सेंटिमीटरभर लांबच हवा; तिथे हाव नको.

मग स्लीव्हऐवजी सरसकट गॅस्ट्रिक बायपासच, म्हणजे लहानसं जठर थेट पुढच्या आतड्याला जोडण्याचं ऑपरेशनच, का नको? आक्षेप बिनतोड वाटतो. फिनलंडमधल्या 240 रुग्णांच्या चाचणीचे 10 वर्षांचे निष्कर्ष 2022मध्ये आले: जादा वजनापैकी स्लीव्हनंतर 43.5 टक्के, बायपासनंतर 50.7 टक्के घट टिकली. अन्ननलिकेचा दाहही स्लीव्हमध्ये कितीतरी जास्त. म्हणून छातीत जळजळ असणाऱ्याला मी बायपासच सुचवतो. पण बायपासनंतर लोह, कॅल्शियम, बी-12 आणि रक्ततपासण्या जन्मभर, आणि आतड्याचा वळवलेला भाग जितका लांब, तितकी प्रथिनांची उणीव मोठी. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचा माळकरी, भाकरी-पिठल्यावर वाढलेला पेशंट दर वेळी नगरमार्गे पुण्याला येईल, हे गृहीत धरून टाके घालता येत नाहीत. यावर कुणी म्हणेल, गावाकडच्याला स्लीव्हसारखं दुय्यम ऑपरेशन का? दुय्यम ते, ज्याच्यानंतर रक्त कुणी तपासत नाही. गोळ्या आणि तपासण्या जवळपास होणार असतील, तर तिसगावलाही बायपास चालेल. आणि उसाचा रस वा गोड चहा दोन्ही ऑपरेशनांतून न अडता खाली उतरतो, हेही पेशंटला आधीच सांगावं.

ऑपरेशन ठरवताना सर्जनला नळीचं माप विचारू नका. फंडस पूर्ण काढणार का आणि पाचव्या वर्षी माझं रक्त कोण पाहणार, हे विचारा.