विमाने होती, तर गळ्यात मडके कशाला?



जानेवारी 2015. मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेस भरली आणि तिच्या व्यासपीठावरून प्राचीन भारतातील विमानविद्येवर निबंध वाचला गेला. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत त्या संध्याकाळी हीच चर्चा. इंजिनिअरिंगच्या एका पोराने विचारले, "दादा, विमाने होती, तर आपल्या लोकांच्या गळ्यात मडके कशाला होते?" आम्ही हसलो. मग गप्प झालो.

या दाव्यांसाठी नेहमी पुढे केला जाणारा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 1974 मध्येच तपासला होता. ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष!

विमान उडते ते पैसा, प्रयोग आणि पचवलेल्या अपयशावर. अमेरिकी सरकारने लँगली या शास्त्रज्ञाला 50 हजार डॉलर दिले. डिसेंबर 1903 मध्ये त्यांचे यंत्र नदीत कोसळले. नऊच दिवसांनी राइट बंधू सरकारी मदतीशिवाय उडाले. तरी सरकारने हात झटकले नाहीत. 3 मार्च 1915 रोजी एनएसीए ही विमानसंशोधन समिती स्थापन केली. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. याच समितीतून 1958 मध्ये 'नासा' उभी राहिली.

पण पैसा सगळ्यांचा असला तरी दार सगळ्यांना उघडे नव्हते. कामगार नेते फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चाचा इशारा दिला, तेव्हा कुठे 1941 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातील भेदभावाला बंदी घातली. त्यानंतर एनएसीएच्या व्हर्जिनियातील प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय स्त्रिया विमानांची गणिते करू लागल्या. जेवणाचे टेबल वेगळे, संडास वेगळे. महाड आठवले ना? तरीही 1949 मध्ये डोरोथी वॉन यांनी त्या विभागाचे प्रमुखपद मिळवले.

आमचा तो पोरगा आज विमानाच्या पंखांवर पीएचडी करतो. फेलोशिप महिनोन्महिने अडकते, खोलीचे भाडे आम्ही मित्र वर्गणी काढून भरतो. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम 51क ने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. आम्ही ते पाळतोय. सरकारने आपले पाळावे.

काडेपेटीवरही कर भरणाऱ्या आमच्या आईबापांचा पैसा त्या तिजोरीत आहे. म्हणून मागणी एकच: संशोधनाला पैसा द्या, वेळेवर द्या, आणि प्रयोगशाळेत आमची खुर्ची कुठे आहे तेही दाखवा.

जयभीम!